घड्याळाने आकडा दिला, पुढे कोण बघणार?

ओळखीतलं कोणी ना कोणी हल्ली मोबाईल पुढे करतं आणि विचारतं, "अगं हे बघ ना, रात्री माझा हार्ट रेट ४६ पर्यंत खाली गेला होता, काही भानगड तर नाही ना?" मी डॉक्टर नाहीये. मी अंगावर घालायच्या सेन्सरमधून येणाऱ्या डेटावर काम करते, म्हणजे घड्याळं, छातीवर चिकटवायचे पॅच, शुगरचे सेन्सर वगैरे, पण विचारणाऱ्याला तेवढं पुरतं. माझा उलट प्रश्न ठरलेला असतो, "मागच्या महिन्यात किती असायचा?" आणि ते बहुतेकांना सांगता येत नाही, कारण ॲप उघडलं की आजचा आकडा मोठ्ठा दिसतो आणि महिन्याचा ग्राफ कुठेतरी आत दडलेला असतो. आता रोज पळणाऱ्या माणसाला झोपेत ४६ अगदी नॉर्मल असू शकतो, आणि ज्याचा एरवी ६२ असायचा त्याचा अचानक ४६ व्हायला लागला आणि सोबत चक्करही येतेय तर त्याने डॉक्टरकडे जायला हवं. नुसत्या ४६ वरून मी काय सांगणार?

या विषयावर लिहायचं कधीपासून डोक्यात होतं, कारण "आता घड्याळच तुमचा आजार आधी ओळखणार" छाप बातम्या वाचल्या की मला आनंदही होतो आणि चिडचिडही होते. आनंद होतो कारण त्यात बरंच तथ्य आहे, चिडचिड होते कारण बातमी तिथेच संपते. ओळखला, बरं, मग? कोणाला कळवलं, किती वेळात कळवलं, त्या माणसाने काय केलं, पेशंटला त्याचा काय फायदा झाला? मी जेवढं बघितलंय आणि वाचलंय त्यावरून माझं ठाम मत झालंय की सेन्सरच्या डेटामुळे तब्येत सुधारते की नाही हे या "मग?" वर ठरतं, मॉडेल, म्हणजे डेटावरून अंदाज काढणारा प्रोग्राम, किती हुशार आहे यावर त्या मानाने फार कमी.

आधी सेन्सर नेमकं काय मोजतो ते बघू, कारण इथेच खूप गैरसमज आहेत. अंधारात मोबाईलचा टॉर्च बोटाखाली धरून बघा, बोट लालभडक दिसतं. लाल प्रकाश बऱ्यापैकी आरपार येतो आणि हिरवा रक्तात शोषला जातो. घड्याळाच्या पाठीमागे जो हिरवा लाइट लुकलुकतो तो याचाच फायदा घेतो, हृदयाचा ठोका पडला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत क्षणभर रक्त वाढतं, हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो, परत कमी येतो, आणि शेजारचा फोटोडायोड, म्हणजे उजेड मोजणारा छोटा भाग, ही कमी-जास्त टिपत राहतो. म्हणजे घड्याळ तुमचं हृदय ऐकत वगैरे नाही, ते मनगटात परत येणारा उजेड मोजतं आणि त्यावरून ठोक्यांचा अंदाज बांधतं. ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश वापरतात, ती मूळ कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकातली. आणि चालताफिरता ईसीजी काढायची धडपड तर त्याच्याही आधीची, अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकात जे यंत्र बनवलं ते पाठीवर बांधायचं होतं आणि त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं. आज एवढंसं चिकटपट्टीसारखं पॅच दोन आठवडे अंगावर राहतं आणि लोक त्याच्यासकट अंघोळ करतात, हे मला अजूनही भारी वाटतं.

हालचाल मोजणारा ॲक्सिलरोमीटर वेगळा. तो सेकंदाला ५० वेळा तीन दिशांत मोजत असेल तर दिवसाला एका माणसाचे १ कोटी २९ लाख ६० हजार आकडे होतात. एका माणसाचे, एका दिवसाचे, एका सेन्सरचे. कुठला डॉक्टर हे बघत बसणार आहे? म्हणून ॲनालिटिक्स लागतं, दुसरं काही कारण नाही, या ढिगातून "आज या माणसाला फोन करायला हवा" एवढं एक वाक्य बाहेर काढायचं असतं.

आणि तो ढीग स्वच्छ नसतो हो. एक उदाहरण सांगते जे मला नव्या मुलांना दाखवायला फार आवडतं. ग्राफमध्ये एक माणूस संध्याकाळी चालायला निघतो, हार्ट रेट ८० च्या आसपास असतो तो एकदम ११६ वर जातो आणि तिथे सपाट रेषेसारखा चिकटून राहतो, ११६, ११५, ११६, ११७. मग तो थांबतो आणि पुढच्याच क्षणी आकडा ८४. खरं हृदय असं वागत नाही, चालणं थांबवल्यावर ते हळूहळू खाली येतं, एका झटक्यात नाही. मग त्याच वेळेचा हालचालीचा डेटा उघडायचा आणि पावलं मोजायची, मिनिटाला ११६! म्हणजे सेन्सरने ठोका सोडून पावलाचा ताल पकडला होता, हात हलतो, घड्याळ किंचित सरकतं, उजेड कमी-जास्त होतो आणि त्या गोंधळात पावलाचाच सिग्नल ठोक्यापेक्षा जोरकस निघतो. दोन्ही सेन्सर शेजारी शेजारी ठेवून बघितले तर हे दोन मिनिटांत कळतं, नुसता हार्ट रेटचा कॉलम घेऊन मॉडेलला भरवला तर कधीच कळत नाही. पट्टा सैल असला, थंडीत हात गार पडले, मनगटावर गडद टॅटू असला तरी असंच काहीतरी होतं.

कातडीच्या रंगाचा मुद्दा याहून गंभीर आहे. २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला, हॉस्पिटलमधल्या बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा, घड्याळांचा नव्हे. ज्यांचं रीडिंग ९२ ते ९६ म्हणजे ठीकठाक दाखवत होतं त्यांच्यात रक्त तपासल्यावर ऑक्सिजन खरोखर ८८ च्या खाली निघालेले गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के होते आणि कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के. जवळजवळ तिप्पट. विचार करा, यंत्र "सगळं ठीक" म्हणतंय आणि पेशंटला ऑक्सिजन हवाय. घड्याळातलं तंत्र त्याच कुटुंबातलं आहे. म्हणून कुठल्याही नव्या मॉडेलचा रिपोर्ट आला की मी आधी सरासरी अचूकता बघत नाही, कोणावर टेस्ट केलं ते बघते, सावळी-काळी त्वचा, म्हातारी माणसं, जाड मनगटं, थरथरणारे हात यातलं किती होतं त्यात. "अचूकता ९५ टक्के" म्हणजे कोणासाठी ९५ हे विचारल्याशिवाय तो आकडा वापरूच नये.

मग रिकाम्या जागा. चार्जिंगला काढलं, अंघोळीला काढलं, एवढं ठीक आहे. पण माणूस आजारी पडला की घड्याळ घालायचाच कंटाळा करतो, ॲडमिट झाला तर ते घरीच राहतं, म्हणजे जे दिवस आपल्याला बघायला हवेत नेमके तेच दिवस गायब. आणि बरेच जण रिकाम्या जागेत सरासरी भरून मोकळे होतात, त्यामुळे कागदावर पेशंटचा सगळ्यात वाईट आठवडा एकदम छान शांत दिसायला लागतो. मला हे बघवत नाही. घड्याळ रोज घालणाऱ्या बाईंनी तीन दिवस घातलं नाही ही स्वतःच एक बातमी आहे आणि ती जशीच्या तशी पुढे गेली पाहिजे.

आता बेसलाइन, म्हणजे ज्याचं त्याचं नेहमीचं. पुस्तकात लिहिलेलं असतं की आरामात ठोके ६० ते १०० नॉर्मल. लोकसंख्येसाठी बरोबर आहे. पण ज्याचा वर्षभर ५८ आहे त्याचा चार दिवसांत ६७ झाला तर पुस्तकाप्रमाणे तो आता कुठे नॉर्मलमध्ये आला आणि त्याच्या स्वतःच्या शरीराप्रमाणे काहीतरी चाललंय. ताप येतोय, इन्फेक्शन आहे, झोप नाही, ताण आहे, काहीही असेल. स्टॅनफर्डच्या मायकेल स्नायडर यांचा किस्सा या क्षेत्रात सगळ्यांना माहितीये, विमानप्रवासात त्यांच्या अंगावरच्या सेन्सरने ऑक्सिजन नेहमीपेक्षा कमी आणि हार्ट रेट नेहमीपेक्षा जास्त दाखवला, नंतर ताप आला आणि शेवटी तो लाइम डिसीज, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारं इन्फेक्शन, निघाला. त्यांना हे लक्षात आलं कारण आपलं विमानातलं "नेहमीचं" काय असतं हे त्यांच्याकडे आधीपासून नोंदवलेलं होतं. पुढे त्यांच्याच ग्रुपने २०२० मध्ये कोविड झालेल्या ३२ जणांचा घड्याळाचा डेटा तपासला, त्यातल्या २६ जणांच्या डेटात आजारपणाच्या काळात बदल दिसले, काहींच्या तर लक्षणं सुरू व्हायच्या आधीच. ३२ म्हणजे फार थोडे लोक, हे विसरायचं नाही, आणि हार्ट रेट वाढला म्हणजे कोविडच असं अजिबात नाही, सेन्सर फक्त एवढंच म्हणतो की हा माणूस आज नेहमीसारखा नाहीये. मोठ्या प्रमाणावरही याचा उपयोग होतो, त्याच वर्षी लॅन्सेट डिजिटल हेल्थमध्ये अमेरिकेतल्या फिटबिटची घड्याळं वापरणाऱ्या ४७ हजारांहून जास्त लोकांचा डेटा घेऊन दाखवलं की लोकांचा रेस्टिंग, म्हणजे आरामातला, हार्ट रेट आणि झोप मिळवली तर राज्यात फ्लूची साथ किती आहे याचा अंदाज सुधारतो. तिथे एकट्याचा आकडा थोडा चुकला तरी चालतं, हजारोंमध्ये तो मिसळून जातो.

एकट्या माणसाच्या बाबतीत मात्र तसं चालत नाही. हिशोबच करून बघू. समजा एक आजार १०० तल्या एकाला आहे, आणि आपलं मॉडेल एकदम मस्त आहे, आजारी माणसांतले ९८ टक्के पकडतं आणि निरोगी माणसांतल्या ९८ टक्क्यांना बरोबर सोडून देतं. १० हजार लोकांना घड्याळ दिलं. त्यात आजारी १००, त्यातले ९८ सापडले, वा. निरोगी ९,९००, त्यातल्या २ टक्क्यांना उगाच अलर्ट, म्हणजे १९८ जण. अलर्ट आलेले एकूण २९६ आणि त्यातले खरे आजारी ९८, म्हणजे तीनातला एकच. बाकी दोघं घाबरले, डॉक्टरकडे गेले, तपासण्या केल्या, रात्र जागून काढली. मॉडेल वाईट नाहीये इथे, आजारच दुर्मिळ आहे. हे गणित प्रत्येक हेल्थ ॲप बनवणाऱ्याने स्वतःच्या हाताने एकदा करावं असं मला मनापासून वाटतं.

ॲपल हार्ट स्टडी सगळ्यांना माहिती असतो, २०१९ मध्ये छापून आला, ४ लाख १९ हजार २९७ लोक. त्यातल्या २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्क्यांना, अनियमित ठोक्यांचा अलर्ट आला. त्यातल्या काहींना ईसीजीचं पॅच पाठवलं, ४५० जणांचं वापरता येण्यासारखं परत आलं आणि त्यात ३४ टक्के लोकांना एट्रियल फिब्रिलेशन सापडलं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे ताल सोडून थरथरतात आणि रक्ताची गुठळी होऊन स्ट्रोकचा धोका वाढतो तो आजार. आता ३४ टक्के ऐकून लोक म्हणतात म्हणजे बाकीचे खोटे अलर्ट. तसंही नाही, हा आजार येतो-जातो, पॅच लावेपर्यंत दिवस गेलेले असतात, त्या आठवड्यात तो आलाच नसेल. घड्याळ आणि पॅच एकाच वेळी हातावर-छातीवर असताना अलर्ट आला तेव्हा ८४ टक्के वेळा जुळलं. मला या अभ्यासात सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच वाटते, ती २,१६१ आणि ४५० यांच्या मधली दरी. अलर्ट आल्यावर फोनवर डॉक्टरशी बोलायचं, पॅच मागवायचं, लावायचं, परत पाठवायचं, या वाटेवर बहुतेक लोक गळाले.

आणि समजा कोणीच गळालं नाही, सगळ्यांचं अगदी नीट पकडलं, तरी? डेन्मार्कमधला लूप नावाचा अभ्यास २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. ७० ते ९० वयाचे ६,००४ लोक, ज्यांना बीपी किंवा शुगर वगैरे काही ना काही होतं. काहींच्या कातडीखाली छोटा रेकॉर्डर बसवला जो सतत ठोके नोंदवतो, घड्याळापेक्षा खूपच भरवशाचा. रेकॉर्डरवाल्यांत एट्रियल फिब्रिलेशन ३१.८ टक्के लोकांना सापडलं, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत १२.२ टक्के. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही त्यांच्यात जास्त जणांना सुरू झाल्या. पण स्ट्रोक किंवा गुठळी अडकण्याचं प्रमाण ४.५ विरुद्ध ५.६ टक्के, हा फरक योगायोगही असू शकतो असाच निष्कर्ष निघाला. अडीच पट जास्त आजार पकडून! कदाचित दोन-पाच मिनिटांपुरतं येऊन जाणारं फिब्रिलेशन आणि लक्षणं देऊन डॉक्टरपर्यंत पोचवणारं फिब्रिलेशन सारखं धोकादायक नसेल, सेन्सरने आपल्याला आजाराचा जो भाग दाखवला तो आधी कोणी बघितलाच नव्हता, त्यामुळे त्याचं काय करायचं हेही नव्याने शोधावं लागतंय. माझ्या दृष्टीने या क्षेत्रातला हा फार महत्त्वाचा पेपर आहे आणि प्रॉडक्टच्या मीटिंगांमध्ये त्याचं नाव क्वचित निघतं.

उलट बाजूने, जिथे "मग?" चं उत्तर तयार आहे तिथे हा डेटा अक्षरशः आयुष्य बदलतो आणि मी शुगरच्या सेन्सरबद्दल बोलतेय. दंडावर किंवा पोटावर लावायचा, बरेचसे दर पाच मिनिटांना एक रीडिंग देतात, दिवसाला २८८. पूर्वी काय होतं, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवन्सी टेस्ट आणि मधूनमधून बोटाला टोचून काढलेले आकडे. एचबीएवन्सी ७ म्हणजे सरासरी शुगर साधारण १५४. पण एक माणूस दिवसभर १३० ते १८० मध्ये फिरतो आणि दुसरा रात्री ५५ ला जाऊन दुपारी २८० ला चढतो, सरासरी दोघांची तीच येऊ शकते. त्यामुळे आता डॉक्टर ७० ते १८० या पट्ट्यात किती टक्के वेळ जातो ते बघतात, बहुतेक मोठ्या माणसांसाठी ७० टक्क्यांच्या वर असावा आणि ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांच्या आत असावा असं २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलं.

चौदा दिवसांचे ग्राफ एकावर एक ठेवले की जे चित्र तयार होतं ते एकदा तरी बघा. मधली जाड रेघ, बाजूला फिकट पट्टे. पहाटे तीनच्या आसपास तो फिकट पट्टा ७० च्या खाली वाकलेला दिसतो, रोज नाही, चौदातल्या चार-पाच रात्री. पेशंट झोपलेला असतो, त्याला फक्त एवढंच माहीत की काही सकाळी डोकं जड असतं आणि अंगाला घाम आलेला असतो. डॉक्टर त्या वाकावर पेन ठेवतात आणि रात्रीचा इन्सुलिनचा डोस कमी करतात, दोन आठवड्यांनी परत तेच चित्र काढायचं आणि वाक गेला का बघायचं. झालं. यात काही भारी मशीन लर्निंग नाहीये, साधी मधली किंमत आणि टक्केवारी आहे. पण कोण बघणार ठरलंय, काय बदलायचं ठरलंय, उपयोग झाला की नाही ते कसं कळणार हेही ठरलंय. पुढे जाऊन तर सेन्सर थेट पंपाशी बोलतो आणि पंप इन्सुलिन कमी-जास्त करतो, मधला माणूसही दर वेळी लागत नाही. एक मर्यादा लक्षात ठेवायची, हा सेन्सर रक्तातली नाही तर पेशींच्या मधल्या जागेत असलेल्या द्रवातली शुगर मोजतो, त्यामुळे शुगर झपाट्याने बदलत असेल तर तो काही मिनिटं मागे असतो.

हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलू शकत नाही त्या आजारात, घरून डेटा पाठवून फायदा होतो का या एकाच प्रश्नाची दोन उत्तरं समोर आहेत. २०१० मध्ये अमेरिकेत १,६५३ पेशंटवर अभ्यास झाला, रोज फोनच्या ऑटोमॅटिक सिस्टिमवर वजन आणि लक्षणं सांगायची आणि ती डॉक्टरांच्या टीमने बघायची. सहा महिन्यांत परत ॲडमिट होणं किंवा मृत्यू यात काही फरक पडला नाही, आणि १४ टक्के लोकांनी ती सिस्टिम एकदाही वापरली नाही. मग २०१८ मध्ये जर्मनीत दीड हजारांवर पेशंट, रोज वजन, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन घरून पाठवायचं आणि बर्लिनच्या शारिते हॉस्पिटलच्या केंद्रात डॉक्टर आणि नर्सेस चोवीस तास बसलेले, बिघडलं की लगेच फोन, औषध बदल, गरज असेल तर ॲडमिट. इथे मृत्यूचं प्रमाण दर १०० पेशंटमागे वर्षाला ११.३ वरून ७.९ वर आलं. दोन्ही अभ्यासांतले पेशंट वेगळे, देश वेगळे, यंत्रं वेगळी, तेव्हा सगळं श्रेय एकाच गोष्टीला देता येणार नाही, पण फोनपलीकडे रेकॉर्ड केलेला आवाज असणं आणि रात्री दोन वाजताही औषध बदलू शकणारा डॉक्टर असणं यातला फरक मला तरी दुर्लक्ष करण्यासारखा वाटत नाही.

आमच्याकडेही हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं वजन येतं. पायात, पोटात, फुफ्फुसात पाणी साचायला लागलं की वजन वाढतं, तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं तर डॉक्टरना कळवा असा साधा नियम असतो. एका आजोबांचं वजन एका सकाळी थेट १४ किलो वाढलं आणि दुसऱ्या दिवशी परत जागेवर, म्हणजे काट्यावर घरातलं दुसरं कोणीतरी उभं राहिलं होतं. हे पकडणं सोपं. अवघड ते असतं जिथे वजन फक्त नऊशे ग्रॅम वाढलंय, नियमात बसत नाही, पण त्याच आठवड्यात चालणं निम्म्यावर आलंय, रात्रीचा हार्ट रेट सात-आठने वर गेलाय आणि छातीवरच्या पॅचमधून दिसतंय की माणूस आडवा न झोपता टेकून झोपतोय. सुटं सुटं बघितलं तर यातलं काहीच अलर्टच्या लायकीचं नाही. एकत्र बघितलं तर अनुभवी नर्स लगेच म्हणते, धाप लागत असणार यांना. इथे ॲनालिटिक्सचा खरा कस लागतो आणि इथे काम करताना मला सगळ्यात जास्त समाधान मिळतं.

पण हे नर्सपर्यंत पोचवायचं कसं? आमच्या एक सीनियर सिस्टर आहेत, त्यांनी एकदा स्पष्ट सांगितलं, "मॅडम, मला लाल रंगाचे साठ डबे नका दाखवू. सकाळी आल्यावर माझ्या हातात दोन तास आहेत, त्यात साधारण दहा फोन होतात. ते दहा कोणाला करू तेवढं सांगा, आणि का करू ते एका ओळीत लिहा." तेव्हापासून आम्ही धोक्याचा स्कोअर दाखवणं बंद करून क्रमाने यादी देतो आणि प्रत्येक नावापुढे मराठीत बोलावं तसं एक वाक्य, चालणं कमी, टेकून झोपताहेत, वजन थोडं वर. आणि फोन झाल्यावर सिस्टर त्यात लिहितात की खरंच त्रास होता की नाही, तेच परत आमच्याकडे येतं. त्या दोन शब्दांच्या नोंदी माझ्यासाठी करोडो आकड्यांपेक्षा मौल्यवान आहेत, कारण मॉडेल सुधारतं ते त्याच्यावर. घड्याळ न घातलेले लोक यादीत वेगळे वर येतात, ही पण त्यांचीच मागणी होती.

पावलांबद्दल थोडक्यात, कारण विचारतातच. १० हजारचा आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, संशोधनातून नाही. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ बायकांच्या सेन्सर डेटावरून दिसलं की रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्के कमी होतं आणि साधारण ७,५०० च्या पुढे फायदा वाढायचा थांबला. जास्त चालणाऱ्या बायका मुळातच धडधाकट असू शकतात, ते धरूनही, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना १० हजारची सक्ती करू नका, आहे त्यात हजार-दीड हजार वाढली तरी खूप झालं.

झोपेच्या स्कोअरचं मी फार मनावर घेत नाही. झोपेचे टप्पे नीट कळायला मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात, घड्याळ हालचाल आणि ठोक्यांवरून अंदाज करतं, त्यामुळे तुम्ही डोळे उघडे ठेवून निपचित पडलात तर ते बऱ्याचदा झोपच धरतं. किती वाजता झोपलो किती वाजता उठलो याचा महिन्याचा ग्राफ उपयोगी, "डीप स्लीप ४२ मिनिटं" वाचून दिवस खराब करू नका.

आणखी एक, डेटा कोणाचा. कंपनी सॉफ्टवेअर अपडेट करते आणि एका रात्रीत हजारो लोकांचा हार्ट रेट व्हेरिएबिलिटीचा, म्हणजे ठोक्याठोक्यातलं अंतर किती बदलतं त्याचा, आकडा सरकतो, कोणाची तब्येत बदललेली नसते, फॉर्म्युला बदललेला असतो. बदलाची तारीख जाहीर व्हायलाच हवी. आणि नावं काढली म्हणजे सुरक्षित झालं असं समजू नका, २०१८ मध्ये स्ट्राव्हा या पळणं-सायकलिंग नोंदवायच्या ॲपच्या जगभरच्या व्यायामाच्या नकाशावरून सैनिकी तळ ओळखता आले होते आणि त्यात एकाही सैनिकाचं नाव नव्हतं. ज्या ॲपला तुमचे ठोके, झोप आणि पाळीच्या तारखा देताय त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन काय कोणाला जातंय ते एकदा नीट वाचा, अर्धा तास लागेल.

डॉक्टरकडे हे दाखवायचं असेल तर सगळा एक्सपोर्ट नेऊ नका, त्यांच्याकडे तेवढा वेळ नसतो. तीन महिन्यांचा रेस्टिंग हार्ट रेटचा एक ग्राफ, अलर्ट आला असेल तर त्याची तारीख-वेळ आणि तेव्हा तुम्ही काय करत होतात, घड्याळात ईसीजी काढता येत असेल तर त्रास होत असतानाच काढलेली तीस सेकंदांची पट्टी, आणि नवीन कुठली गोळी सुरू झाली असेल तर ती कधीपासून. एवढं एका पानावर बसतं आणि एवढ्यावर त्यांना ठरवता येतं.

आणि हे मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, मनगटावरची ही घड्याळं हार्ट ॲटॅक ओळखत नाहीत. अनियमित ठोके ओळखणं वेगळं आणि हृदयाची रक्तवाहिनी बंद पडणं वेगळं, ॲटॅक चालू असताना ठोके अगदी नियमित असू शकतात आणि घड्याळावर "नॉर्मल" लिहून येऊ शकतं. छातीत दाब, हात-जबड्यात कळ, दरदरून घाम, अचानक धाप, किंवा चेहरा वाकडा होणं, एका बाजूचा हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर घड्याळाकडे बघत वेळ घालवायचा नाही, आधी ॲम्ब्युलन्सला फोन.